तरणतलावाच्या काठावरील दगडी झाकण : ते उचलण्याचे शास्त्र आणि रीत

जलतरण तलावाच्या काठाने चालताना फरसबंदीत मध्येच एखादी चौकोनी शिळा बारीकशा फटीने इतर फरश्यांपासून वेगळी झालेली आढळते. सामान्यतः तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि ते जाऊ नये हाच ती तशी बसविण्यामागील हेतू असतो. या शिळेखाली एक लहान कुंडी असते. तलावाच्या पृष्ठभागावर तरंगणारा पालापाचोळा, कीटक, केस आणि तेलकट तवंग ओढून घेण्याचे काम ही कुंडी करते. तिला ‘स्किमर’ असे म्हणतात व तलावावर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात हाच शब्द रुळलेला आहे. कारखान्यातून येणाऱ्या स्किमरला प्लॅस्टिकचे हलके झाकण असते. परंतु काठावरील फरशीशी ते विजोड दिसते, म्हणून त्याऐवजी त्याच फरशीच्या दगडाचे झाकण घडवून बसविण्याची पद्धत पडली आहे. अशाने काठ एकसंध व देखणा दिसतो, हे खरे. मात्र या देखणेपणाची किंमत झाकण रोज उचलणाऱ्या कामगाराच्या कंबरेला आणि बोटांना मोजावी लागते.

गोव्याच्या किनारपट्टीवरील हॉटेलांपासून हैदराबाद, वडोदरा, इंदूर यांसारख्या शहरांतील क्लब व निवासी संकुलांपर्यंत तरणतलाव ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. एका तलावाला चार स्किमर आहेत आणि प्रत्येकाचे झाकण दिवसातून एकदा उघडले जाते असे धरले, तर वर्षाकाठी १,४६० वेळा झाकण उचलावे लागते आणि तितक्याच वेळा ते परत बसवावे लागते. एकदा उचलताना क्षुल्लक वाटणारी चूक इतक्या वेळा झाली, तर तिचे रूपांतर कायमच्या दुखण्यात होण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच हे काम केवळ अंगबळाचे न समजता त्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

स्किमरची रचना

स्किमरचे तोंड तलावाच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीशी असते. तोंडाशी एक हलणारी पट्टी बसविलेली असते. पंप चालू असताना ही पट्टी किंचित खाली झुकते व केवळ वरच्या थरातील पाणी आत येऊ देते. आत आलेला कचरा जाळीदार टोपलीत अडकतो आणि पाणी नळावाटे पंपाकडे व तेथून गाळणीकडे जाते. तलावातील पाणी साधारणतः या तोंडाच्या मध्यापर्यंत असावे लागते. पातळी त्याहून फार खाली गेल्यास पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो.

टोपली भरली की पाण्याचा प्रवाह मंदावतो, पंपावर ताण पडतो आणि तवंग तलावातच राहतो. झाडांच्या सान्निध्यातील तलावात, विशेषतः पावसाळ्यात व पानगळीच्या दिवसांत, टोपली एका दिवसातच भरून जाते. झाकण जड आहे म्हणून टोपली काढण्याची टाळाटाळ झाली, तर तिचा परिणाम थेट पाण्याच्या स्वच्छतेवर होतो. अर्थात, सहज उचलता येणारे झाकण हा कामगाराच्या सोयीचा प्रश्न तर आहेच, परंतु तो पोहणाऱ्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

प्रथम वजनाचा अंदाज

कोणतीही जड वस्तू उचलण्यापूर्वी तिचे वजन ठाऊक असणे ही पहिली अट होय. दगडाचे वजन डोळ्यांनी नेमके ओळखता येत नाही, पण मोजपट्टीने ते काढता येते. ग्रॅनाइटच्या एक घनमीटर दगडाचे वजन सुमारे २,७०० किलोग्रॅम भरते. यावरून गवंड्यांच्या नेहमीच्या मापात एक सोपा हिशेब बसतो : एक चौरस फूट क्षेत्रफळाच्या आणि एक इंच जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन सुमारे ६.४ किलोग्रॅम. क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यावे, त्यास इंचांतील जाडीने गुणावे आणि आलेल्या संख्येस ६.४ ने गुणावे.

उदाहरणार्थ, १८ इंच लांब, १८ इंच रुंद व २ इंच जाड झाकणाचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस फूट होते. म्हणजे त्याचे वजन सुमारे २९ किलोग्रॅम. हेच झाकण दोन फूट चौरस असेल, तर वजन सुमारे ५१ किलोग्रॅम होते, आणि त्याची जाडी तीन इंच केल्यास ७७ किलोग्रॅमच्या आसपास जाते. झाकणाची बाजू अवघी सहा इंचांनी वाढली तर वजन जवळजवळ पावणेदोन पट होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दगडाच्या जातीप्रमाणे हा आकडा बदलतो. दख्खनच्या पठारावरील काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, ग्रॅनाइटपेक्षा थोडा जड असून त्यासाठी ६.८ हा आकडा धरावा. शहाबादी व कोटा या फरश्या चुनखडीच्या जातीच्या आहेत. त्यांसाठी सव्वासहा धरल्यास चालते. ग्वाल्हेरकडील वालुकाश्म त्याहून हलका असतो, त्यासाठी साडेपाचच्या आसपास आकडा येतो. गोव्याचा चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असल्यामुळे कोरडा असताना हलका असतो, पण भिजला की पाणी पिऊन जड होतो. शिवाय त्याच्या पातळ फरश्या टिकत नाहीत, म्हणून त्याचे झाकण करू नये हेच बरे. झाकणाखाली पोलादी चौकट किंवा काँक्रीटचा थर असेल तर त्याचे वजन निराळे मिळवावे.

शरीर आणि भार

एखादा धडधाकट माणूस पन्नास किलोचे पोते पाठीवरून वाहून नेतो, तर मग तीस किलोच्या झाकणाचे काय एवढे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याचे उत्तर भाराच्या जागेत आहे. पाठीवरचे पोते कण्याच्या जवळ असते. जमिनीच्या पातळीत बसविलेले झाकण मात्र पायांच्याही पुढे आणि अगदी खाली असते. ते उचलताना माणूस कंबरेत वाकतो, हात पुढे ताणले जातात आणि कण्याचा खालचा भाग हा टेकू बनतो. भार या टेकूपासून जितका दूर, तितका स्नायूंवरील व मणक्यांमधील चकत्यांवरील ताण अधिक. तोच भार दुप्पट अंतरावर धरला तर त्याचा कण्यावरील फिरविता जोरही दुप्पट होतो.

याविषयी निरनिराळ्या देशांत मार्गदर्शक आकडे ठरविण्यात आले आहेत. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनानुसार, कंबरेच्या खाली सरळ सोडलेल्या हातांच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेला भार पुरुषांसाठी २५ व स्त्रियांसाठी १६ किलोग्रॅमपर्यंत सामान्यतः स्वीकारार्ह मानला जातो. तोच भार जमिनीलगत असेल, तर अंगाजवळ असतानाही हे आकडे १० व ७ किलोग्रॅमवर येतात. आणि हात लांब करावे लागत असतील तर ५ व ३ किलोग्रॅमवर. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या आपल्या सूत्रात अगदी आदर्श परिस्थितीतही २३ किलोग्रॅम हाच आरंभीचा आकडा घेतला आहे. भार दूर, खाली किंवा बाजूला असल्यास तो उत्तरोत्तर कमी होत जातो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोग्रॅमच्या वर नसावी, असे म्हटले होते. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३४ व्या कलमात, इजा होण्याचा संभव असेल इतके ओझे कोणाही कामगारास उचलावयास लावू नये, हे तत्त्व मांडले होते.

या आकड्यांच्या प्रकाशात पाहिले असता २९ किलोग्रॅमचे झाकण एकट्याने वाकून उचलणे हे जमिनीलगतच्या मार्गदर्शक भाराच्या जवळजवळ तिप्पट ठरते. दोघांनी मिळून उचलले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. दोघांची एकत्रित क्षमता दोघांच्या स्वतंत्र क्षमतांच्या बेरजेइतकी नसून साधारणतः तिच्या दोन-तृतीयांशाइतकीच धरावी लागते, कारण दोघांचा क्षण, उंची आणि पवित्रा पूर्णपणे जुळत नाही. त्यातून स्किमर हा तलावाच्या अगदी कडेला असल्याने दुसऱ्या माणसास उभे राहावयास पुरेशी जागाही नसते.

झाकण का अडकते ?

झाकणाचे वजन हा अडचणीचा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे ते आपल्या जागी अडकून बसलेले असते. अडकलेले झाकण हिसका देऊन उचलू पाहणारा माणूस झाकणाच्या वजनाशी आणि अडकण्याशी एकाच वेळी झुंजत असतो. आणि ते अचानक सुटले म्हणजे त्याचा तोल जातो. या कामातील बहुतेक अपघातांचे बीज याच क्षणात असते. यास्तव झाकण आधी सुटे करावे आणि मगच उचलावे, हा पहिला नियम होय.

अडकण्याची कारणे साधारणतः चार असतात. पहिले, फटीत शिरलेली वाळू व माती. प्रत्येक कण पाचरीसारखा काम करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी तो अधिकाधिक घट्ट बसत जातो. दुसरे, पाण्यातील क्षारांचा थर. जड पाणी फटीत सुकून त्यातील चुना दगडाला दगडाशी सांधून टाकतो. तिसरे, शेवाळ आणि गवताची मुळे. चौथे, झाकणाखालील हवेचा दाब.

या चौथ्या कारणाचा सहसा विचार होत नाही. स्किमरचे तोंड पालापाचोळ्याने किंवा अडकलेल्या पट्टीमुळे बंद झाले आणि पंप मात्र चालूच राहिला, तर कुंडीतील पाणी ओढले जाते. झाकण घट्ट बसलेले असून वरून हवा शिरण्यास वाट नसेल, तर आतील हवेचा दाब कमी होतो व बाहेरची हवा झाकणास खाली दाबते. कुंडीचे तोंड ३० सेंटिमीटर चौरस आहे आणि आतील दाब केवळ १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका कमी झाला आहे असे मानू. तेवढ्यानेही झाकणावर सुमारे ९ किलोग्रॅमचा जादा भार येतो. पंप बंद केला की हा भार आपोआप नाहीसा होतो. म्हणून पंप बंद करणे ही या कामातील पहिली कृती आहे.

तरफेचा नियम

शाळेत शिकलेला तरफेचा नियम येथे कामास येतो. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. झाकण चारही बाजूंनी एकदम वर घेण्याऐवजी त्याची एकच कड उचलली, तर समोरची कड बिजागरीसारखी राहते आणि निम्मे वजन तीच पेलते. ५१ किलोग्रॅमच्या झाकणाची एक कड उचलण्यास म्हणूनच सुमारे साडेपंचवीस किलोग्रॅमइतके बल पुरते.

आता याला पहारीची जोड देऊ. पहार ६० सेंटिमीटर लांब आहे आणि तिचा टेकू टोकापासून ४ सेंटिमीटरवर आहे. भारभुजा ४ आणि बलभुजा ५६ सेंटिमीटर, म्हणजे लाभ चौदा पट. साडेपंचवीस किलोग्रॅमची कड उचलण्यास हाताचा दाब दोन किलोग्रॅमहूनही कमी पुरतो. अर्थात, हा लाभ फुकट मिळत नाही. कड २ सेंटिमीटर वर यावयाची तर हात २८ सेंटिमीटर खाली जावा लागतो. म्हणून पहारीने थोडे थोडे उचलावयाचे आणि प्रत्येक टप्प्यावर पाचर सरकवून मिळविलेली उंची राखावयाची, अशी ही पद्धत आहे. पाथरवट आणि गवंडी मोठमोठ्या शिळा याच रीतीने हलवीत आले आहेत.

प्रत्यक्ष कृती

१. पंप बंद करावा आणि काम पुरे होईपर्यंत तो दुसऱ्या कोणी सुरू करू नये म्हणून त्याच्या बटणपेटीस कुलूप किंवा सूचनेची पाटी लावावी. त्या बाजूचा काठ पोहणाऱ्यांसाठी, विशेषतः मुलांसाठी, तात्पुरता बंद करावा.

२. पायांत पुढून टणक असलेले बूट व हातांत जाड हातमोजे घालावेत. अनवाणी किंवा सपाता घालून हे काम कधीही करू नये. ओला काठ प्रथम पुसून घ्यावा.

३. झाकण काढून कोठे ठेवावयाचे ते आधीच ठरवावे व तेथे लाकडी फळी मांडावी. झाकण हातात आल्यावर जागा शोधणे धोक्याचे असते.

४. पातळ पट्टीने चारही बाजूंची फट खरवडावी व पाण्याच्या धारेने धुऊन काढावी. क्षारांचा थर हलक्या हाताने खरवडूनच काढावा. शहाबादी, कोटा किंवा संगमरवर या दगडांवर आम्ल टाकल्यास दगडच खाल्ला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तलाव शुद्ध करण्यासाठी वापरली जाणारी क्लोरीनची भुकटी किंवा द्रावण आणि आम्ल यांचा संपर्क झाल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून स्किमरच्या कुंडीवर आम्लाचा प्रयोग करूच नये.

५. लाकडी हातोड्याने झाकणाच्या कडेकडेने हलके ठोके द्यावेत, म्हणजे अडकलेले कण सुटतात. लोखंडी हातोडा वापरू नये. दगड दाबाखाली भक्कम असतो, परंतु वाकवले किंवा ताणले असता तो सहज तडकतो.

६. झाकणाच्या कडेस खाच असेल तर तीत पहारीचे टोक घालावे. पहारीखाली, म्हणजे शेजारच्या फरशीवर, लाकडाचा तुकडा ठेवावा, अन्यथा फरशीची कड उडते. जोर कडेच्या मध्यावर द्यावा, कोपऱ्यावर देऊ नये.

७. कड वर येताच लाकडी पाचर आत सरकवावी. पाचर दुसऱ्या लाकडाने ढकलावी. झाकणाखाली बोटे घालून कधीही उचलू नये. पहार निसटली तर बोटांना वाचविणारे दुसरे काहीही तेथे नसते.

८. एक कड पुरेशी वर आल्यावर झाकणाखाली आडवे दोन रूळ, म्हणजे एक इंची नळाचे तुकडे, सरकवावेत. ते कुंडीच्या दोन्ही बाजूंच्या काठांवर टेकतील इतके लांब असावेत. मग झाकण न उचलता रुळांवरून फळीवर सरकवावे. सरकविण्याची दिशा तलावाकडे नसावी.

९. कुंडीत हात घालण्यापूर्वी आत नीट पाहावे. पावसाळ्यात अशा कुंड्यांतून बेडूक, विंचू व साप आश्रयास येतात. टोपली आकड्याने वर काढावी.

१०. झाकण परत बसविताना ज्या ओट्यावर ते टेकते तो पुसून स्वच्छ करावा. झाकण सरकवून आणावे व ते टेकावयाच्या वेळी पाचरी एकेक करून काढाव्यात. शेवटी झाकणावर पाय देऊन ते डुगडुगत नाही याची खात्री करावी आणि मगच पंप सुरू करावा.

चौकोनी झाकणाबाबत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. वर्तुळाकार झाकण कसेही फिरविले तरी आपल्या तोंडातून आत पडत नाही, कारण त्याचा व्यास सर्व बाजूंनी सारखाच असतो. चौकोनाचा कर्ण मात्र बाजूपेक्षा सुमारे १.४ पट लांब असतो. त्यामुळे उभे धरलेले चौकोनी झाकण कर्णाच्या दिशेने फिरले तर ते कुंडीत कोसळू शकते व कुंडीची प्लॅस्टिकची पेटी फुटू शकते. झाकण शक्य तो उभे करू नये, हे सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

खाच नसलेले झाकण

पुष्कळ ठिकाणी झाकणास खाच, कडी किंवा छिद्र यांपैकी काहीच ठेवलेले नसते. अशा वेळी पुढील साधनांचा विचार करता येतो.

गुळगुळीत घासलेल्या ग्रॅनाइटवर काचकामातील रबरी निर्वात पकड चालते. पृष्ठभाग धुऊन, पूर्ण कोरडा करून ती बसवावी. मात्र खडबडीत, भाजून खरखरीत केलेल्या किंवा सच्छिद्र दगडावर तिच्यात हवा शिरते आणि ती कोणत्याही क्षणी सुटू शकते. म्हणून अशा पकडीने कड उचलून पाचर घालण्यापुरतेच काम घ्यावे. तिच्या भरवशावर झाकण पायांवरून उचलून नेऊ नये.

दगडास तडा नसेल, तर कुशल गवंड्याकडून झाकणाच्या मध्यभागी छिद्र पाडून त्यात आट्यांची नळी पक्की बसवून घेणे हा कायमचा उपाय आहे. त्या नळीत उभा आट्यांचा दांडा बसवावा. झाकणाच्या दोन्ही बाजूंस फरशीवर लाकडी ठोकळे ठेवून त्यांवर भक्कम आडवा दांडा टाकावा आणि उभा दांडा त्याच्या छिद्रातून वर काढून त्यावर चकती व नट बसवावा. नट फिरविला की झाकण सरळ, संथपणे वर येते. १२ मिलिमीटर व्यासाच्या सर्वसाधारण आट्यांच्या दांड्यावर नटाचा एक फेरा म्हणजे झाकण पावणेदोन मिलिमीटर वर. येथे स्नायूंचे काम जवळजवळ उरतच नाही. झाकण कुंडीच्या ओट्यावरून वर आले की रूळ घालून ते सरकवता येते.

हाच हेतू साधणारे एक प्राचीन साधन पाश्चात्त्य पाथरवटांच्या वापरात रोमन काळापासून आहे. दगडाच्या माथ्यावर आत रुंद होत जाणारी खाच खणून तीत लोखंडाचे तीन तुकडे असे बसवीत, की दगड वर ओढला असता ते अधिकच घट्ट रुतत. युरोपातील अनेक जुन्या इमारतींच्या दगडांत अशा खाचा आजही दिसतात. आपल्याकडे मोऱ्या व हौद यांवरील शिळांना लोखंडी कडी बसविण्याची पद्धत होती. दोन्ही ठिकाणी विचार एकच : जी शिळा पुन्हा उचलावयाची आहे, तिला धरावयाची जागा ती घडवितानाच ठेवावी.

उघडी कुंडी

झाकण काढल्यानंतर कुंडी क्षणभरही उघडी व बेवारस सोडू नये. धावणाऱ्या मुलाचा पाय तीत गेल्यास हाड मोडण्याचा संभव असतो. टोपली धुण्यासाठी दूर जावे लागत असेल, तर कुंडीवर फळी टाकून जावे. पंप चालू असताना उघड्या कुंडीत हात घालणेही धोक्याचे आहे, कारण तिच्या तळाशी असलेल्या नळाची ओढ जबर असते. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर या सात वर्षांच्या मुलीचा गरम पाण्याच्या कुंडातील निकासाच्या ओढीमुळे अंत झाला. तिच्याच नावाने २००७ मध्ये तेथे तलावांच्या निकासांसंबंधी कायदा करण्यात आला. ती घटना तळाच्या निकासाची होती, स्किमरची नव्हती. परंतु पाणी ओढणाऱ्या नळाचे सामर्थ्य किती असते याची तिने सर्वांना जाणीव करून दिली.

ज्या तलावांचे पाणी काठावरून वाहून जाते, त्यांना जोडून जमिनीखाली एक मोठी टाकी असते व तिच्यावरही दगडी झाकण असू शकते. ते उचलण्याची रीत वरीलप्रमाणेच आहे. तथापि, माणूस उतरू शकेल अशा बंद टाकीत प्राणवायू अपुरा असू शकतो किंवा अपायकारक वायू साचलेला असू शकतो. हवेची तपासणी झाल्याशिवाय आणि बाहेर जाणता माणूस उभा असल्याशिवाय अशा टाकीत कोणीही उतरू नये. आत कोणी कोसळल्यास त्याच्या मागोमाग उडी घेण्याचा मोहही आवरला पाहिजे, कारण वाचविण्यास गेलेल्यांचेच बळी जातात.

इतकी काळजी घेऊनही कंबरेत उसण भरलीच, तर काम तेथेच थांबवावे. साध्या पाठदुखीत दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा जमेल तितकी हालचाल चालू ठेवणे हितकारक ठरते. परंतु पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवला, अथवा लघवीवरील ताबा गेला, तर विलंब न लावता रुग्णालयात जावे. चेंगरलेल्या बोटाचेही घरगुती उपचारांवर भागवू नये. आत हाड मोडलेले असण्याचा संभव असतो.

झाकण घडवितानाच घ्यावयाची काळजी

वर सांगितलेली रीत ही आधीच बसविलेल्या जड झाकणांसाठी आहे. खरा उपाय त्याच्याही आधी, आराखडा व निविदा तयार करतानाच करावयाचा असतो. झाकणाचे वजन एकट्या माणसास जमिनीलगत पेलेल इतके, म्हणजे १० किलोग्रॅमच्या आत असावे, अशी अट प्रथमच घातली तर पुढील कितीतरी वर्षांचा त्रास वाचतो.

ही अट सौंदर्यास बाध न आणता पाळता येते. एक फूट चौरस व एक इंच जाड ग्रॅनाइटचे वजन केवळ ६.४ किलोग्रॅम असते. पातळ दगड गंज न लागणाऱ्या पोलादाच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटलीत बसविला तर तो तडकत नाही आणि वरून पाहणाऱ्यास फरशीच दिसते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत व क्लोरीनच्या सान्निध्यात साधे स्टेनलेस पोलादही डागाळते. म्हणून तेथे ३१६ प्रतीचे पोलाद मागावे. झाकण मोठेच असणे भाग असेल, तर ते दोन भागांत करावे. कडा किंचित उतरत्या, म्हणजे वर रुंद व खाली अरुंद ठेवाव्यात, म्हणजे वाळू शिरली तरी झाकण पाचरीसारखे आवळले जात नाही. भोवतीची फट तीन ते पाच मिलिमीटर असावी. झाकण ज्या ओट्यावर टेकते त्यावर रबराचे तुकडे चिकटवावेत, तसेच त्या ओट्यात पहारीच्या टोकापुरती खाच ठेवावी. उचलण्याचा आकडा जाईल अशी दोन छिद्रे असावीत. त्यांतून हवाही खेळती राहते आणि दाबामुळे झाकण चिकटण्याचा प्रश्न उरत नाही.

या गोष्टींना लागणारा खर्च फारसा नसतो. मात्र त्या कागदावर कोणीतरी वेळेवर लिहाव्या लागतात. तलाव बांधून घेणारा, त्याचा आराखडा करणारा आणि झाकण घडविणारा गवंडी हे तिघेही काम आटोपून निघून जातात; रोज सकाळी ते झाकण उघडणारा कामगार मागे राहतो. आराखडा करताना त्याचा विचार झाला की नाही, हे पुढे त्याच्या पाठीवरूनच कळते. ज्यांच्याकडे तलावांची देखरेख आहे, त्यांनी आपल्या तलावावरील प्रत्येक झाकण एकदा मोजून, त्याचे वजन काढून नोंदवून ठेवावे. दहा किलोग्रॅमच्या वरील झाकणे कोणती, हे त्या नोंदीवरून तत्काळ कळेल आणि बदलाचा आरंभ कोठून करावा हेही ठरविता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २० इंच लांब, १८ इंच रुंद व २ इंच जाड अशा ग्रॅनाइटच्या झाकणाचे अंदाजे वजन काढा. (उत्तर : ३२ किलोग्रॅम)

२. वरील झाकणाची एक कड उचलावयाची आहे. पहारीची बलभुजा ४८ सेंटिमीटर व भारभुजा ४ सेंटिमीटर असल्यास किती बल लावावे लागेल ? (उत्तर : सुमारे १.३ किलोग्रॅम)

३. पंप बंद न करता झाकण उचलू पाहिल्यास कोणते दोन धोके संभवतात ?

४. आपल्या ठिकाणच्या तलावावरील, हौदावरील किंवा मोरीवरील एका दगडी झाकणाची पाहणी करून ते कोणत्या कारणाने अडकते आणि त्यात कोणता बदल केल्यास ते एकट्या माणसास सुरक्षितपणे उघडता येईल, हे लिहा.